गाडी स्लोला का टिकत नाही?

मागच्या वेळी आपण कारण म्हणजे काय याच्या व्याख्या पाहिल्या. नैयायिक काय म्हणतात, मिल काय म्हणतो, वगैरे. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं की सर, हे सगळं ठीक आहे, पण घटाच्या आणि धुराच्या पलीकडे याचं एखादं उदाहरण आहे का. आहे. ते आमच्या अंगावर आलेलं उदाहरण आहे आणि त्यात आमची फार शोभा झालेली नाही. तरी आज तेच सांगायचं ठरवलं आहे. विषय आहे एका जुन्या डिझेल व्हॅनचा. ती गाडी स्लोला टिकत नव्हती.

आधी स्लो म्हणजे काय ते समजून घेऊ, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. इंजिन चालू आहे, गिअर न्यूट्रलला आहे, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, अशा वेळी इंजिन ज्या किमान वेगानं फिरत राहतं त्याला गॅरेजमध्ये स्लो म्हणतात. पुस्तकात आयडलिंग. आमच्या गाडीचा स्लो मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांचा होता. इंजिन चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं. म्हणजे दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा डिझेल फवारलं जातं. हिशेब करा. मिनिटाला १६०० फवारे झाले, सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. आणि एवढं करून असं इंजिन नुसतं उभं राहिलं तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल जाळतं. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वाट्याला येतात जेमतेम आठ घनमिलिमीटर. पाण्याचा एक थेंब साधारण ५० घनमिलिमीटरचा असतो. म्हणजे एका थेंबाचे सहा भाग करायचे, त्यातला एक भाग नेमक्या क्षणी, नेमक्या सिलिंडरमध्ये टाकायचा, आणि हे सेकंदाला सव्वीस वेळा न चुकता करायचं. त्यात मोहरीएवढा हवेचा बुडबुडा आला तरी एखादा फवारा वाया जातो. रस्त्यावर जोरात चालताना फवारा मोठा असतो, तिथे तेवढा बुडबुडा पचून जातो. स्लोला नाही पचत. म्हणून इंजिनाचे बारीक आजार आधी स्लोला बोलतात.

दुसरी गोष्ट. पेट्रोलच्या इंजिनात आपण पाय दाबतो तेव्हा हवेचा दरवाजा उघडतो. जुन्या डिझेल इंजिनात असा दरवाजाच नाही. हवा नेहमी पोटभर आत जाते, ती दाबून दाबून एवढी तापवायची की डिझेल फवारताच पेटलं पाहिजे. ही कल्पना रुडॉल्फ डिझेलची. जर्मनीत आउग्सबुर्गला १८९७ साली त्याचं चालतं इंजिन तपासून पाहिलं गेलं. आता हवा जर मोकळी असेल, तर वेग राखायचा तो फक्त डिझेलच्या मापावर. आणि ते माप हातानं राखता येत नाही. जरा जास्त झालं की इंजिन पळत सुटतं, जरा कमी झालं की बंद पडतं. म्हणून त्याला एक राखणदार लागतो. तो म्हणजे गव्हर्नर. शेतातल्या जुन्या पाण्याच्या इंजिनावर तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात, वेग उतरला की आत येतात आणि डिझेल वाढवतात. जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनाला १७८८ साली असा गव्हर्नर लावला, आणि तो कधीकधी स्थिर न होता वरखाली झुलत का राहतो याचं गणित मॅक्सवेलनं १८६८ साली मांडलं. हो, तोच मॅक्सवेल, विजेचा आणि चुंबकाचा.

हे झुलणं म्हणजे मिस्त्री लोकांचं हंटिंग. वूंऽऽ, मग खाली, पुन्हा वूंऽऽ, पुन्हा खाली. गव्हर्नर डिझेल वाढवतो पण वाटेत बुडबुडा असतो, वेग वाढत नाही. तो आणखी वाढवतो, तेवढ्यात बुडबुडा सरतो आणि वाढवलेलं सगळं डिझेल एकदम पोचतं. मग तो घाईनं कमी करतो. बिचारा राखणदार प्रामाणिक असतो, त्याला मिळणारी बातमी उशिरा मिळते. याहून वेगळा प्रकार म्हणजे एकाच सिलिंडरचा लंगडेपणा. तिथे झुलणं नसतं, एकसारखी थरथर असते, चौथं पाऊल सारखं चुकल्यासारखी. जुन्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलचा नट पाव फेरा सैल करून पाहतो. ज्याचा सैल केल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. हे मिलचं व्यतिरेकाचं तंत्र आहे, १८४३ सालच्या ग्रंथातलं, फक्त हातात पाना घेऊन. एक सूचना मात्र इथेच देऊन ठेवतो. हे फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत, आणि तेही जाणत्या माणसानं, चिंधी धरून. अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांत दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडी फोडून आत शिरते. तिथे चालू इंजिनाच्या नटाला हात लावायचा नाही. त्या गाड्यांना स्कॅनर लावून रेलचा दाब, प्रत्येक इंजेक्टरची दुरुस्ती किती चालली आहे, इजीआरचा व्हॉल्व्ह काजळीनं अडकला आहे का, हे पाहतात. आमची गाडी त्या पिढीतली नव्हती.

आणि धूर. धुरावरून अग्नी हे आपल्या परंपरेतलं जुनं अनुमान. पण त्याच परंपरेनं बजावलं आहे की उलट जाऊ नका, अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, त्याला ओल्या सरपणाची अट आहे. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, आज त्याचंच काम आहे. डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचं धुकं, किंवा पाणी. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. आमच्या गाडीचा धूर अधूनमधून पांढरट होता, सारखा नव्हता. अधूनमधून होणारा आजार हा निदान करणाऱ्याचा खरा शत्रू. डॉक्टरकडे नेलं की पोराचा ताप उतरलेला असतो, तसं.

आता हकीकत. चंद्रपुरातल्या आम्ही चार-पाच निवृत्त मंडळींनी मिळून एक जुनी व्हॅन घेतली होती. भामरागड तालुक्यातल्या गावांतून मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना शस्त्रक्रियेसाठी आणायचं आणि परत पोचवायचं, एवढंच तिचं काम. रस्ता चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, पुढे आष्टीला वैनगंगा ओलांडायची, मग आलापल्ली, आणि तिथून सागाच्या जंगलातून पेरमिली मार्गे भामरागड. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता तुटतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर गाडी एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. ऑक्टोबरात पुन्हा सुरू.

त्या वर्षी ऑक्टोबरात पहिल्याच फेरीला गोंडपिपरीला चहाला थांबलो आणि गाडी झुलायला लागली. चालक म्हणाला, पावसाळाभर उभी होती, टाकीत पाणी झालं असेल. बरोबर विचार होता. अर्धी रिकामी टाकी, दमट हवा, रात्री पत्रा गार होतो, आत दव धरतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू सोडला तर खरंच चमचाभर पाणी निघालं. आम्हाला आनंद झाला. कारण सापडलं! पुढच्या फेरीत पुन्हा तेच. चमचाभर पाणी होतं हे खरं, ते काढायला हवं होतं हेही खरं, पण ते या आजाराचं कारण नव्हतं. शोधायला गेलं की काहीतरी दोष सापडतोच. जुन्या गाडीत तर सापडतोच सापडतो.

मग आम्ही वही काढली. तर्कशास्त्र शिकवलेला माणूस, वही काढणारच. दोन-तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट दिसू लागलं. चंद्रपूरच्या एका पंपावर टाकी फुल्ल करून निघालं की तासाभरात गाडी बिघडते. परतीला आलापल्लीत थोडंसं, पैशापुरतं डिझेल घातलं की गाडी निमूट चंद्रपूरपर्यंत येते. एकदा नाही, चार वेळा. अन्वयही जुळला, व्यतिरेकही जुळला. निष्कर्ष निघाला की चंद्रपूरच्या त्या पंपाचं डिझेल खराब. आम्ही तो पंप सोडला, आणि चांगल्या डिझेलची टाकी आलापल्लीलाच काठोकाठ भरून भामरागडला गेलो.

त्या दिवशी परतताना गाडीत सात म्हातारी माणसं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या शस्त्रक्रिया होत्या. पेरमिली मागे टाकून थोडं पुढे आलो, संध्याकाळ झाली होती, आणि गाडी झुलून झुलून बंद पडली. भर जंगलात. चालकानं बोनेट उघडलं, हातपंप मारला, काही नाही. मग डिझेल आहे की नाही पाहायला त्यानं टाकीचं झाकण फिरवलं, आणि काठी आत घालायच्या आधी तो थबकला. म्हणाला, "सर, टाकीनं श्वास घेतला जी." आम्ही म्हटलं, टाकी श्वास घेत नाही, तू डिझेल बघ. डिझेल भरपूर होतं. त्यानं पुन्हा हातपंप मारला, एअर काढली, गाडी सुरू झाली. पण अंधारात पुढे जायचा कुणाला धीर होईना. पेरमिलीला परतून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला पोचेपर्यंत शस्त्रक्रियांची यादी संपली होती. सातही जणांना परत नेऊन सोडावं लागलं. त्यातली एक आजी पुढे कधीच आली नाही. तिचं म्हणणं होतं, एकदा रात्र काढली रस्त्यात, पुरे.

आता आमचं काय चुकलं ते बघा. सिद्धान्त होता, चंद्रपूरचं डिझेल खराब. आज डिझेल आलापल्लीचं होतं. म्हणजे सिद्धान्त त्या रात्रीच मोडला होता. तो सोडून द्यायला हवा होता. पण आम्ही तो वाचवला. डिझेल खराब आहे हे धरून ठेवलं आणि मग प्रश्न केला की आलापल्लीचं चांगलं डिझेल खराब कोणी केलं. गाडी कोणाच्या ताब्यात असते? चालकाच्या. कुणीतरी म्हणालं, डिझेल काढून विकतो आणि वर रॉकेल ओततो, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. आम्ही ते नुसतं ऐकलं नाही, त्याला समोर बसवून विचारलं. तो काही बोलला नाही. किल्ली टेबलावर ठेवून गेला. वाईट अनुमान कागदावर असतं तेव्हा गुण कापले जातात, इथे माणसाची रोजी गेली.

त्यानंतर गाडी एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी ऐकलं आणि सांगितलं, इंजेक्शन पंप गेला. पंप म्हणजे इंजिनातला महागडा अवयव. आमच्या त्या वर्षीच्या निम्म्या फेऱ्यांचे पैसे त्यात गेले. गाडी आली, तीन दिवस शहरात फिरवली, घड्याळासारखी चालली. आम्ही म्हटलं, बघा, पंपच होता. याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फळ पडायला. पण इथे गंमत अशी की फळ का पडलं तेही पुढे कळलं. पंप बसवताना गॅरेजवाल्यांनी सगळी एअर काढली होती, टाकी जवळजवळ रिकामी झाली होती, आणि शहरातल्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या होत्या. चौथ्या दिवशी टाकी भरून निघालो. गोंडपिपरीला गाडी झुलायला लागली.

तशीच रेटत आलापल्लीला नेली. तिथे रस्त्याकडेला एका पोराचं दुकान होतं. दुकान कसलं, एक पत्रा, दोन टायर आणि पान्यांचा डबा. त्यानं आल्या आल्या बोनेट उघडलं नाही. आधी प्रश्न विचारले. "कवापासून होऊन राह्यलं जी?" पावसाळ्यानंतर. "सकाळी होते का?" नाही, सकाळी ठीक असते, तासाभरानं होतं. "टाकी फुल्ल असली का जास्त होते, का कमी असली का?" या प्रश्नावर आम्ही गप्प झालो. उत्तर आमच्या वहीत होतं. आम्ही पंपाचं नाव आणि लिटर दोन्ही लिहीत होतो, पण बघत होतो फक्त पंपाचं नाव.

फुल्ल असली की, आम्ही म्हटलं.

त्यानं सलाईनची एक जुनी नळी आणली आणि तिचा हातभर तुकडा परतीच्या डिझेलच्या वाटेत बसवला, जिथे दाब नसतो तिथे. गाडी चालू केली. नळीतून मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे जात होते. हवा येतेय हे नक्की झालं, पण कुठून? बाहेर कुठे डिझेलचा थेंबही गळत नव्हता. गळणार नाही, कारण टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा आहे. तिथे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मग तो म्हणाला, "सरजी, झाकन खोला, पन इंजन बंद नोका करू." झाकण फिरवलं. टाकीनं श्वास घेतला. आम्ही या वेळी नीट ऐकलं. दोन मिनिटं इंजिन झुललं, मग बुडबुडे विरळ झाले, आणि मग ते एका सुरात चालू लागलं. बाकी काही बदललं नव्हतं. फक्त झाकण.

टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीच्या माथ्यावर एक बारीक नळी असते, तोंड खाली वळवलेली. पोरानं गाडीखाली सरकून तार घातली, ती जाईना. नळी काढली. तिच्या तोंडात मातीचं घट्ट बूच होतं, आणि बुचामागे तीन-चार वाळलेले कोळी. कुंभारीण! पावसाळ्यात ओली माती तोंडात धरून भोकं बुजवणारी ती माशी आपण सगळ्यांनी खिडकीच्या चौकटीत पाहिलेली आहे. कोळ्यांना डंख मारून बधिर करते, अंडं घालते, वर बूच लावते. शेडमध्ये तीन महिने उभी असलेली गाडी तिला छान सापडली होती. आतली अळी बहुधा डिझेलच्या वासानं मेली असावी, म्हणून बूच आतून फुटलं नाही.

आता सगळी वही नव्यानं वाचा. टाकी काठोकाठ भरली तर वर हवा उरते, समजा, दोन लिटर. दोन लिटर डिझेल जळलं की तीच हवा चार लिटर जागेत पसरते. बॉइलचा नियम, शाळेतला. हिशेबात दाब निम्म्यावर येतो. टाकी अर्धी रिकामी असेल आणि वर वीस लिटर हवा असेल तर तेच दोन लिटर जळल्यावर दाब दहा टक्केसुद्धा उतरत नाही. म्हणजे भरलेली टाकी लवकर गुदमरते, रिकामी उशिरा. चंद्रपूरला आम्ही नेहमी फुल्ल करत होतो, आलापल्लीला नेहमी थोडं घालत होतो. पंपाचा काही संबंधच नव्हता. भरलेपणा ही उपाधी होती, पंपाच्या नावामागे लपलेली. आणि सकाळी गाडी ठीक का? कारण माती थोडी पाझरते, रात्रभरात हवा हळूहळू आत शिरून दाब सारखा होतो. गार इंजिन ठीक चालतं, गरम बिघडतं, असा एक सिद्धान्त गॅरेजमध्ये ऐकला होता, त्याचाही निकाल लागला.

नैयायिकांकडे यासाठी आणखी एक शब्द आहे, अन्यथासिद्ध. घट व्हायच्या आधी कुंभार असतो, चाक असतं, माती असते, आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. गाढव दर वेळी आधी असतं, पण ते घटाचं कारण नाही. आमच्या हकिकतीत कुंभारीण होती आणि गाढवाची जागा आम्ही आळीपाळीनं पंपाला, डिझेलला आणि चालकाला दिली.

हे फक्त आपल्याच जंगलात होतं असं समजू नका. २०११ साली माझ्दा कंपनीनं उत्तर अमेरिकेतल्या ५०,००० हून अधिक गाड्या परत बोलावल्या, कारण एक पिवळा कोळी टाकीच्या हवेच्या नळीत जाळं विणत होता आणि टाकीत ओढ तयार होऊन तिला तडे जायचा धोका होता. आणि एक फार दुःखद प्रकरण आहे. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. वेग मोजणारी एक नळी बुजलेली होती. विमान काही दिवस उभं होतं, नळीवर टोपण घातलेलं नव्हतं, आणि तपास करणाऱ्यांचा संशय अशाच माती आणणाऱ्या माशीवर होता. ती नळी सापडली नाही, म्हणून संशयच म्हणायचं.

आता तुम्ही म्हणाल, कारण सापडलं, माशी. थांबा. टाकीत ओढ तयार झाली तर इंजिनाला डिझेल कमी पडेल, पण बुडबुडे का यावेत? पोरानं वॉटर सेपरेटरचा नट सोडला, आतला तांब्याचा वॉशर दाखवला. चपटा होऊन एका बाजूला झिजलेला. ओढ वाढली की तिथून हवा शिरत होती. त्यानं नवा वॉशर घातला, नळी साफ केली, पैसे घेतले ते सांगायला लाज वाटावी इतके कमी. म्हटलं, खरं कारण कोणतं रे बाबा, नळी की वॉशर? तो म्हणाला, "दोन्ही करून टाकलं जी." मिस्त्री म्हणून ते बरोबर. शोधक म्हणून एका वेळी दोन गोष्टी बदलणं चूक, आम्हाला ते खुपत राहिलं.

इथे मॅकी नावाच्या तत्त्वज्ञाचा १९६५ सालचा निबंध कामाला येतो. तो म्हणतो, आपण ज्याला कारण म्हणतो ते बहुतेक वेळा एकटं पुरेसं नसतं. ते एका जुडग्याचा भाग असतं. जुडगं पूर्ण झालं तर कार्य होतं, त्यातला हा भाग काढला तर त्या जुडग्याचं काम होत नाही, आणि तेच कार्य दुसऱ्या जुडग्यानंही होऊ शकतं. आपले नैयायिक कारणसामग्री म्हणतात ती याच्या जवळची कल्पना आहे. झिजलेला वॉशर आमच्या गाडीत वर्षभर तरी असणार, कारण तो एका दिवसात तसा झिजत नाही, आणि उन्हाळ्यापर्यंत नळी उघडी असताना त्यानं कधी त्रास दिला नव्हता. म्हणजे एक भाग अनुभवातून आधीच ठाऊक होता. दुसरा आम्ही पुढे मुद्दाम करून पाहिला. नवा वॉशर तसाच ठेवला, हवेच्या नळीला बूच लावलं, टाकी भरली आणि गोंडपिपरीपर्यंत गेलो. चढावर गाडीची ओढ कमी झाली, पाय दाबला तरी पळेना. पण चहाच्या टपरीपुढे उभी केली तर स्लो स्थिर होता, झुलली नाही. म्हणजे बंद नळीचा एकटीचा आजार वेगळा, आणि झुलणं हे दोघांच्या जोडीचं काम. हे कळायला अर्धा दिवस आणि चार लिटर डिझेल लागलं.

त्या प्रयोगाला गाडी चालवायला जुना चालकच होता. आलापल्लीहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. परंपरेत शब्दप्रमाण आहे, विश्वासू माणसाचा शब्द हेही ज्ञानाचं साधन. त्यासाठी माणूस जाणता हवा आणि फसवायचा हेतू नसलेला हवा. रात्री जंगलात टाकीपाशी कान देऊन उभा असलेला माणूस दोन्ही अटी पुऱ्या करत होता. गॅरेजच्या पाटीवर आम्ही विश्वास ठेवला, त्याच्या कानावर नाही. वर्गात शब्दप्रमाण आम्ही तीस वर्षं शिकवलं. माफी मागितली. तो एवढंच म्हणाला की सर, रॉकेलचं घरी कळायला नको होतं. गाडीवर यायला त्यानं आणखी आठ दिवस घेतले.

आता दर ऑक्टोबरात शेडमधून गाडी काढायच्या आधी तो नळीत तार घालून पाहतो, आणि तोंडाला चहाच्या गाळणीच्या जाळीचा तुकडा बांधलेला आहे. तुमच्यापैकी कुणाची गाडी, ट्रॅक्टर किंवा शेतातलं इंजिन पावसाळाभर उभं असेल तर एवढं करा. आणि तासाभरानं बिघडणारी, सकाळी शहाण्यासारखी वागणारी जुनी डिझेल गाडी असेल तर पंपाला हात लावायच्या आधी, इंजिन चालू असताना टाकीचं झाकण उघडून कान द्या. जवळ विडी-काडी नको.

मागे हात वर झालेला दिसतो आहे. विचारा.